टाइल लावण्याआधी
(रत्नागिरीत तरुणांसमोर केलेलं भाषण)



मी सॉफ्टवेअरवाला. जुन्या कोडला हात लावण्याआधी त्याची प्रत ठेवायची, हे आम्हाला पहिल्याच नोकरीत शिकवतात. आमच्या गावच्या मशिदीत मी नेमका तोच नियम विसरलो. जांभ्याच्या जुन्या भिंतींना टाइल लावायचं ठरलं, मीही खुशीने वर्गणी दिली. दारावर फारसी अक्षरं कोरलेला दगड होता, तो टाइलच्या मागे गेला. त्यावर काय लिहिलं होतं, हे आज मोहल्ल्यात कुणालाच सांगता येत नाही. साधा फोटोही नाही.

इस्तंबूलची आया सोफिया बघा. बायझंटाइन सम्राट जस्टिनियनने ५३७ मध्ये ती चर्च म्हणून पूर्ण केली. १४५३ मध्ये तिची मशीद झाली. सोळाव्या शतकात मिमार सिनानने बाहेरून दगडी आधार देऊन ती सावरली. १८४७ ते १८४९ या काळात सुलतान अब्दुलमजीदने स्विस फोसाती बंधूंकडून दुरुस्ती करून घेतली, तेव्हा प्लास्टरखाली ख्रिस्ती मोझेइक चित्रं निघाली. नमाजाच्या जागी ती उघडी ठेवायची नव्हती. पण फोसातींनी आधी कागदावर त्यांची नक्कल उतरवली, मग झाकली. त्यांतली काही आज भिंतीवर उरलेली नाहीत, फक्त त्या कागदांवर आहेत.

एवढं लांब कशाला, आपल्या दाभोळला चला. खाडीकाठची अंडा मशीद, विजापुरी धाटणीची, एक घुमट आणि चार मिनार. १६५९ मध्ये हजला निघालेली विजापूरची शहजादी आयेशाबीबी इथे अडकली आणि जवळचा पैसा तिने या मशिदीवर खर्च केला, अशी हकिकत सांगतात. म्हणून ती माँसाहेबांची मशीद.

अशी जुनी बांधकामं चुन्यातली असतात. चुना ओल बाहेर जाऊ देतो. सिमेंट आणि ऑइलपेंट ती कोंडून ठेवतात. आपल्याकडे पाऊस चार महिने. क्षार वर येतात, दगडाचे पापुद्रे सुटतात. तेव्हा दुरुस्ती निघाली की चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधा. वजूखान्यात टाइल खुशाल लावा, तिथे त्या हव्यातच.

आणि आधी फोटो. कोरीव अक्षरांचा फोटो सकाळच्या तिरप्या उन्हात काढा, सावलीमुळे अक्षर उठून दिसतं. शेजारी मोजपट्टी धरा. कबरस्तानातले जुने दगडही सोडू नका.

आमच्या दारावरच्या चार टाइल काढून बघू, खर्च माझा, असं मी जमातीपुढे मांडलंय. अजून होकार आलेला नाही.