सिंधुदुर्गचा सागरकिनारा : विजयदुर्ग ते रेडी

(शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सागरकिनारा म्हटला की वाळू, लाटा आणि मावळता सूर्य एवढेच चित्र घाटावरील माणसाच्या डोळ्यांपुढे उभे राहते. सिंधुदुर्ग जिल्ह्याचा किनारा मात्र एका चित्रात मावणारा नाही. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झालेला हा जिल्हा १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली आणि २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ खुला झाला. पाहुणा दाराशी येऊन पोहोचला आहे. अशा वेळी आपण स्वतः आपला किनारा किती ओळखतो, हा प्रश्न विचारणे अगत्याचे आहे.

उत्तरेकडून आरंभ करू. वाघोटण खाडीच्या मुखाशी विजयदुर्ग उभा आहे. खोल आणि वाऱ्यापासून सुरक्षित अशा या खाडीमुळेच मराठी आरमाराला येथे बळकट ठाणे लाभले. पुढे देवगडपर्यंत किनारा प्रामुख्याने कातळाचा आहे. जांभ्याचे सडे समुद्रापर्यंत येतात आणि कड्यासारखे तुटतात. वरकरणी उजाड दिसणाऱ्या याच जांभ्यावर हापूसच्या बागा फुलल्या आहेत. दोन कड्यांच्या मध्ये अवचित एखादी पुळण लागते. लाटांच्या सान्निध्यातील कुणकेश्वराचे मंदिर अशाच एका पुळणीच्या काठी आहे.

आचऱ्यापासून किनाऱ्याचा स्वभाव पालटतो. तोंडवळी-तळाशीलची वस्ती वाळूच्या अरुंद पट्टीवर वसलेली आहे. तिच्या एका अंगास समुद्र व दुसऱ्या अंगास गडनदीची खाडी आहे. मालवणपलीकडे तारकर्ली आणि देवबाग येथे हाच प्रकार कर्ली नदीच्या संगतीने पुन्हा दिसतो. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सिंधुदुर्गाच्या बांधकामास आरंभ झाला. चोहोबाजूंस खारे पाणी असताना या किल्ल्यात दूधबाव, दहीबाव व साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. परिसरातील पाण्याखाली प्रवाळांची सृष्टी आहे. येथील सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले.

कर्लीच्या दक्षिणेस भोगवे व निवती येथे डोंगर पुन्हा पाण्याशी येतात. वेंगुर्ल्यास डच वखारीचे अवशेष आहेत, तर मांडवी खाडीत कांदळवनाची दाटी आहे. शिरोड्यास मिठागरे आहेत. १९३० सालच्या मिठाच्या सत्याग्रहात या गावाने आपले नाव इतिहासात नोंदविले. याच गावी १९२० साली वि. स. खांडेकर शिक्षक म्हणून आले, याचा शिक्षक बंधूंना विशेष अभिमान वाटेल. रेडीनंतर गोव्याची हद्द व तेरेखोलची खाडी येते.

सज्जनहो, सुमारे सव्वाशे किलोमीटरच्या किनाऱ्यावर एवढी विविधता आहे, आणि हीच आपली पुंजी आहे. सर्वत्र सारखीच हॉटेले आणि सारखेच खेळ आणले, तर पाहुण्याने विजयदुर्गापासून रेडीपर्यंत जावे कशासाठी? ज्या गावाचे जे वैशिष्ट्य, तेच त्या गावाने पुढे ठेवावे. वेंगुर्ल्यात महिलांच्या बचत गटाने होडीतून कांदळवन दाखविण्याचा उपक्रम सुरू केला. ज्या झाडीकडे पूर्वी केवळ सरपण म्हणून पाहिले जाई, तिच्यापासून आता ती न तोडता उत्पन्न मिळते. पर्यटन विकास महामंडळाच्या निवास व न्याहारी योजनेमुळे राहत्या घरातील खोल्याही पाहुण्यांसाठी उपयोगात आणता येतात.

परंतु किनारा ओळखण्याची गरज केवळ उत्पन्नासाठी नाही. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळच्या वायरी किनाऱ्यावर बेळगावहून सहलीस आलेल्या महाविद्यालयीन चमूतील ८ जण बुडाले. त्याच्या आदल्या वर्षी, १ फेब्रुवारी २०१६ रोजी, रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या १४ विद्यार्थ्यांना प्राण गमवावे लागले होते. लाटांनी काठाशी आणलेले पाणी वाळूच्या उंचवट्यांमधील खोलगट वाटेने वेगाने समुद्राकडे परतते. त्या वाटेवर लाटा कमी फुटतात, म्हणून ती जागा शांत दिसते. नेमकी तीच जागा परका माणूस पोहण्यास निवडतो. अशा ओढीत सापडल्यास तिच्याविरुद्ध झगडून दमू नये. अंग तरते ठेवून किनाऱ्याला समांतर पोहत प्रथम त्या प्रवाहातून बाहेर पडावे आणि मग काठाकडे वळावे. गावचा मच्छीमार पाण्याचा रंग पाहून ही वाट ओळखतो. त्याचे हे ज्ञान पाहुण्यापर्यंत पोहोचत नाही, हेच खरे दुःख आहे.

दुसरी गोष्ट पिण्याच्या पाण्याची. वाळूच्या पट्टीखाली पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. पंप लावून त्याचा बेसुमार उपसा केला, की खालचे खारे पाणी वर चढते आणि शेजारच्या विहिरीही मचूळ होतात. खोल्या किती बांधाव्यात याचा हिशेब जागेवरून नव्हे, तर विहिरीवरून मांडावा लागेल.

तिसरी गोष्ट वाळूच्या टेकड्यांची. त्यांच्यावर पसरणारी मर्यादवेल वाळू धरून ठेवते आणि उधाणापासून गावाचे रक्षण करते. तिचे नाव किती सार्थ आहे! अंगण मोकळे दिसावे म्हणून ती उपटणे, म्हणजे आपल्याच हाताने कुंपण काढणे होय. वायंगणीसारख्या किनाऱ्यांवर समुद्री कासवे अंडी घालतात. पिल्ले समुद्राकडील उजेडाच्या रोखाने चालू लागतात. काठावर प्रखर दिवे असले, तर ती दिशा चुकून जमिनीकडे वळतात. किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९९१ साली निघाली व पुढे तीत बदल होत गेले. तिच्याकडे केवळ अडचण म्हणून पाहू नये. वेल, वाळू व विहीर टिकली तरच पाहुणा टिकेल.

आपल्या किनाऱ्यावर रापणीची जुनी रीत आहे. अनेक हातांनी जाळे ओढायचे आणि मासळीचे वाटे ठरल्याप्रमाणे सर्वांना द्यायचे. पर्यटनाचे जाळेही असेच ओढले पाहिजे. वाटा सर्वांना मिळाला, तर राखणही सर्वजण करतील.

म्हणून माझे तीन विनंतीवजा प्रस्ताव आहेत. किनाऱ्यावरील प्रत्येक ग्रामपंचायतीने अनुभवी मच्छीमारांना सोबत घेऊन धोक्याच्या जागा निश्चित कराव्यात व तेथे ठळक मराठी फलक उभारावेत. प्रवाह जागा बदलतात, म्हणून ही पाहणी वरचेवर व्हावी. शिक्षकांनी सहलीपूर्वी भरती-ओहोटीचा एक तास वर्गात घ्यावा आणि स्थानिक जाणकाराच्या संमतीवाचून विद्यार्थ्यांना पाण्यात उतरू देऊ नये. अधिकारी बंधूंनी नव्या बांधकामाचा कागद पुढे आला, की पाणी कोठून येणार आणि सांडपाणी व कचरा कोठे जाणार, हे दोन प्रश्न प्रथम विचारावेत.

या कामांना मोठा निधी लागत नाही. लक्ष मात्र लागते. तेवढे आपण सर्वांनी द्यावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.