आरोग्याचा हक्क आणि आपले कर्तव्य

(बुद्धविहारात वर्षावासानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी वकील आहे, वैद्य नव्हे. तरीही आज आरोग्याविषयी बोलण्यास उभा आहे, याचे कारण माझे एक अशील. जमिनीच्या तुकड्यासाठी ते नऊ वर्षे लढले. एकही तारीख त्यांनी चुकविली नाही. मध्यंतरी एका शिबिरात त्यांचा रक्तदाब १८०/११० भरला. महिनाभर गोळ्या घेतल्या, बरे वाटले, म्हणून त्यांनी त्या बंद केल्या. दावा ते जिंकले. परंतु तोपर्यंत पक्षाघाताने त्यांचा उजवा हात निकामी झाला होता. घराण्यात सही करणारे ते पहिले. त्यांनाच पुन्हा कागदावर अंगठा उठवावा लागला. तो अंगठा मी विसरू शकत नाही.

न्यायालयाची नोटीस आली की आपण धावत सुटतो. उच्च रक्तदाब आणि मधुमेह हे असे वादी आहेत की ते बहुधा नोटीसच देत नाहीत. डोके दुखत नाही, ताप येत नाही, कामही थांबत नाही. आत मात्र हृदय, मेंदू, मूत्रपिंड आणि डोळे यांची हानी चालू असते. म्हणून ‘मला काही होत नाही’ हा निरोगीपणाचा पुरावा नव्हे. पुरावा एकच, तो म्हणजे मोजमाप.

हे श्रीमंतांचे रोग आहेत, हा समजही टाकून द्या. हमालाला ते होतात, मोलकरणीला होतात, शिक्षकाला होतात. परमपूज्य बाबासाहेबांना मधुमेहाने किती त्रस्त केले होते, हे आपण जाणतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी आपल्याला धम्म दिला आणि दोन महिन्यांच्या आतच, ६ डिसेंबर रोजी, ते आपल्यातून गेले. मधुमेहावरील मेटफॉर्मिन या औषधाचा उपयोग फ्रान्समधील वैद्य ज्याँ स्टेर्न यांनी १९५७ साली प्रसिद्ध केला; रक्तदाबासाठी लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर टाकणारी क्लोरोथायझाइडची गोळी १९५८ साली बाजारात आली. त्यांच्या हयातीत जे हाताशी नव्हते, त्या जातीची औषधे आज सरकारी दवाखान्यात मिळतात. ती न घेणे याला काय म्हणावे?

आता व्यवहाराकडे वळू. वयाची तीस वर्षे झालेल्या प्रत्येक स्त्री-पुरुषाने वर्षातून एकदा तरी रक्तदाब व साखर तपासून घ्यावी. रक्तदाब मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, तंबाखू घेऊ नये; पाच मिनिटे स्वस्थ बसावे. निरनिराळ्या दिवशी मोजूनही तो १४०/९० किंवा त्याहून अधिक भरला, अथवा उपाशीपोटी साखर १२६ वा त्याहून अधिक आली, तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब नको. गोळ्या सुरू झाल्यावर आकडा उतरतो, तो गोळ्यांमुळेच उतरतो. डॉक्टरांना विचारल्यावाचून त्या बंद करणे म्हणजे जिंकत आलेला दावा काढून घेणे होय.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे माणशी दिवसाला मीठ पाच ग्रॅमपेक्षा कमी असावे. हिशेब सोपा आहे. पाच मोठ्या माणसांच्या घरात एक किलोचा पुडा निदान चाळीस दिवस पुरला पाहिजे. आणि यात लोणचे, पापड, सुकी मासळी, फरसाण यांतील मीठही आलेच. चहातील साखर एकेक चमचा कमी करा. ज्वारी-बाजरीची भाकरी गरिबीची खूण समजून टाकू नका. रोज अर्धा तास झपाझप चाला. तंबाखू, विडी आणि दात घासण्याची मिश्रीसुद्धा सोडा. दारूने रक्तदाब चढतो. पंचशीलातील पाचवे शील पाळणाऱ्याने ही एक वाट आधीच बंद केली आहे.

भगिनींनो, घरातील सर्वांचे झाल्यावर उरलेसुरले आपले, ही रीत आरोग्यात चालणार नाही. तपासणीच्या रांगेत प्रथम तुम्ही उभ्या राहा.

आणि एक गोष्ट सर्वांनी पाठ करा. चेहरा एका बाजूस वाकडा झाला, एक हात लुळा पडला, बोलणे अडखळू लागले, तर अंगाऱ्या-धुपाऱ्यात क्षणही दवडू नका. रक्ताची गाठ विरघळविणारे इंजेक्शन साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

पैशांचे काय, असे कोणी विचारील. संविधानाच्या अनुच्छेद ४७ ने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याच्या प्राथमिक कर्तव्यांपैकी एक ठरविले आहे. १९९६ साली पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या दाव्यात, सरकारी रुग्णालयाने तातडीचे उपचार नाकारणे हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भंग होय, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क केले आहेत. ते मिळाले नाहीत, तर लेखी तक्रार करा. अर्ज लिहून देण्यास आमच्यासारखे वकील आहेत. परंतु जो दवाखान्याची पायरीच चढत नाही, त्याचा हक्क कोणता वकील बजावणार?

आजारी भिक्षूची शुश्रूषा तथागतांनी स्वतःच्या हातांनी केली होती. त्यांचे अनुयायी म्हणून एवढे तरी करू या. वर्गणी काढून विहारात रक्तदाब मोजण्याचे यंत्र आणू, दर पौर्णिमेस वंदनेनंतर सर्वांचा रक्तदाब मोजू आणि आकडे वहीत लिहून ठेवू. ज्या हातांना बाबासाहेबांनी लेखणी दिली, ते हात अखेरपर्यंत चालते राहिले पाहिजेत.

जय भीम! नमो बुद्धाय!