परतीचा रस्ता
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

प्रवासाला निघणाऱ्या माणसाला सांगणारे पुष्कळ असतात. औषधं घे, पैसे दोन ठिकाणी ठेव, चपला जुन्या घाल, नव्या चावतात. परत आलेल्या माणसाला मात्र कोणी काही सांगत नाही. तो घरी पोचला म्हणजे सारं संपलं, असं समजतात. माझा अनुभव जरा वेगळा आहे, म्हणून आज बोलतोय.

२०२३ साली मी आणि माझी पत्नी हजला गेलो. हज समितीमार्फत जाणाऱ्याला साधारण चाळीस दिवस लागतात. त्या वर्षी भारतातून पावणेदोन लाख लोकांचा कोटा होता आणि जगभरातून अठरा लाखांवर माणसं जमली होती. धरणगावच्या बाजारपेठेत माझं कापडाचं छोटं दुकान आहे. जूनमध्ये त्याच्या किल्ल्या मुलाच्या हाती दिल्या आणि आम्ही निघालो.

निघण्याआधी आमच्याकडे एक रीत असते. देणं फेडायचं आणि ज्यांच्याशी काही वाकडं झालं असेल त्यांच्याकडे जाऊन माफी मागायची. मी उधारीची वही बंद केली, शेजाऱ्यांकडे गेलो. सगळ्यात शेवटी गेलो चुलतभावाकडे. त्याचं आणि माझं घर भिंतीला भिंत. आमच्या पत्र्याचं पाणी पावसाळ्यात त्याच्या अंगणात पडतं, यावरून आमच्यात दहा वर्षं धुसफूस होती. मी म्हणालो, "काही चुकलं असेल तर माफ कर." त्यानं मिठी मारली. म्हणाला, "भाई, माफ केलं. माझ्यासाठी दुआ करा." दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं. पत्र्याच्या पाण्याचा विषय कोणीच काढला नाही.

तिथलं वर्णन करत बसत नाही, कारण ते अनेकांनी केलं आहे. एवढंच सांगतो की, मुजदलिफाच्या मैदानात रात्री उघड्यावर झोपलो तेव्हा एका बाजूला आपल्याच देशातला एक रिक्षावाला होता आणि दुसऱ्या बाजूला कुठल्या देशाचा कोण, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्याची भाषा मला येत नव्हती. अंधारात हरभऱ्याएवढे खडे वेचताना त्यानं आपल्या हातातले थोडे माझ्या पिशवीत टाकले. अंगावर दोन बिनशिवल्या पांढऱ्या चादरी. मी कापडवाला, पण त्या कापडाची प्रत काय, हे पाहायचंही सुचलं नाही. इहराममध्ये असताना अत्तर लावायचं नाही, केस तोडायचा नाही, कोणाशी भांडायचं नाही. पहिल्या दोन गोष्टी सोप्या. तिसरीही तिथं सोपी वाटली. भांडायला तिथं माझं होतं तरी काय? ना भिंत, ना पत्रा.

त्या वर्षी बकरी ईद आणि आषाढी एकादशी आपल्याकडे एकाच दिवशी आली होती, २९ जूनला. राज्यात अनेक गावांतल्या मुसलमानांनी कुर्बानी दुसऱ्या दिवशी करायचं ठरवलं. मुलानं फोनवर सांगितलं, "अब्बा, आपणही उद्याच करतोय. समोरचे नाना पंढरपुरात पोचले." हे नाना दरवर्षी मुक्ताईनगरला जाऊन मुक्ताबाईच्या पालखीत सामील होतात. ही पालखी ज्येष्ठात निघते आणि बुलढाणा, जालना, बीड जिल्ह्यांतून साधारण महिनाभर चालत पंढरीला पोचते. म्हणजे आमच्या गल्लीतले दोन शेजारी एकाच वेळी घराबाहेर होते. एक कपाळाला बुक्का लावून, दुसरा डोकं भादरून.

आम्ही जुलैत परतलो. जेद्दाहून मुंबईचा प्रवास पाच-सहा तासांचा. मुंबईहून रात्रीच्या गाडीनं जळगाव, सकाळी धरणगाव. हार झाले, गळाभेटी झाल्या. खजूर आणि झमझमचं पाणी वाटलं. पाच लिटरचा कॅन, त्यात अख्खी गल्ली. कोणी उभ्यानं प्यायलं, एका आजींनी छोट्या बाटलीत घेऊन देवघरात गंगेच्या गडूशेजारी ठेवलं. बाजारात जो भेटे तो विचारी, "कव्हय उनात, हाजीसाहेब?" परवापर्यंत मी यांचा नुसता 'भाऊ' होतो. साहेब कधी झालो, कळलं नाही.

मी मात्र अजून आलोच नव्हतो. मनगटावरचं घड्याळ मक्केच्या वेळेवरच होतं, अडीच तास मागं. ते बदलायला हात धजत नव्हता. पत्नीनं तिचं घड्याळ पहिल्याच दिवशी लावून घेतलं. म्हणाली, "दूधवाला मक्केच्या टायमानं येत नाही." दुकानात गिऱ्हाईक ब्लाऊजपीसच्या दरावरून घासाघीस करी तेव्हा माझं लक्ष नसे. मग रागही येई, की इतकं सगळं पाहून आलो आणि हा पाच रुपयांवरून बोलतोय! आज वाटतं, त्याचं काय चुकलं होतं? हजला मी गेलो होतो, तो नव्हे.

आणि मग पाऊस आला. त्या वर्षी पाऊस उशिराच सुरू झाला होता, पण आम्ही आलो त्या आठवड्यात जोरात बरसला. पत्र्याचं पाणी धो धो चुलतभावाच्या अंगणात. तो छत्री घेऊन दारात उभा राहिला. म्हणाला, "हाजीसाहेब, पन्हळ कधी बसवताय?"

त्या 'हाजीसाहेब'नं मी भडकलो. काय बोललो ते इथं सांगण्यासारखं नाही. घरी येऊन नऊ दिवसही झाले नव्हते. तो काही न बोलता निघून गेला. त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्याच्या गळ्यात पडून माफी घेऊन गेलो, त्यालाच परत येऊन हे बोललो. आणि खरं बघता, त्यानं विचारलं ते वाजवी होतं. मी माफी मागितली होती, पन्हळ बसवली नव्हती.

दोन-तीन दिवसांनी समोरच्या नानांकडे बसलो होतो. त्यांनी प्रसादाचे चुरमुरे दिले. तेही परतून काही दिवस झाले होते, पण गप्प गप्प होते. म्हणाले, "हाजी, जायला महिना लागला, यायला एस.टी.त एक रात्र. अजून पहाटे तीनला जाग येते. पाय खाटेखाली चपला शोधतात. घरचे म्हणतात, निंदणी खोळंबली, तुम्ही कुठं हरवलात?" मी म्हणालो, "नाना, मीपण तिथंच आहे."

मग त्यांनी परतवारीचं सांगितलं. आळंदीहून माउलींची पालखी पंढरपूरला जायला अठरा दिवसांच्या आसपास घेते, बरोबर लाखो लोक. पौर्णिमेला काला झाला की तीच पालखी पायीच परत निघते आणि दहा-अकरा दिवसांत आळंदीला पोचते. तेव्हा सोबत लाखो नसतात, थोडीच माणसं असतात. ना टीव्हीवाले, ना वाटेवर फुलं. नाना म्हणाले, "पूर्वी लोक दोन्ही वाटा चालायचे. चालत आलं की माणूस हळूहळू घरी येतो."

मला अब्बा आठवले. ते १९८४ साली बोटीनं गेले होते. मी त्यांना पोचवायला मुंबईत गेलो होतो, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मुसाफिरखान्यात आम्ही थांबलो होतो. येताना आठवडाभर समुद्रच समुद्र. अब्बा सांगायचे की त्या दिवसांत लोक डेकवर बसून हळूहळू घरच्या गोष्टी काढू लागत. कुणाला मुलीचं लग्न आठवे, कुणाला गहाण शेत. मुंबईचा किनारा दिसेस्तोवर माणूस निम्मा संसारात आलेला असे. हाजींची ती जहाजं १९९५ साली बंद झाली. विमानाची सोय झाली ते चांगलंच झालं, म्हाताऱ्या माणसांचे हाल वाचले. पण बोटीवरचे ते दिवस कुठल्याच तिकिटात मिळत नाहीत.

लोक विचारतात, हजवर कविता लिहिली का? आमचं धरणगाव म्हणजे बालकवींचं जन्मगाव. इथं कविता करणाऱ्याला आधीच धाक असतो. मी प्रयत्न केला, चार ओळी लिहून फाडल्या. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली पैसा मिळवायला उत्तरेत गेले, बंडाच्या धुमाळीत सापडले आणि गंगेची कावड घेऊन घरी आले. त्यांनी 'माझा प्रवास' लिहिलं १८८३ साली. म्हणजे घरी येऊन वीसहून अधिक वर्षं झाल्यावर. मधली वर्षं त्यांनी संसारच केला असणार. हे आठवलं की मला जरा धीर येतो.

पन्हळ बसवली. ऑगस्टमध्ये उघडीप मिळाली तेव्हा पत्र्याचं काम करणारा माणूस बोलावला. शिडी चुलतभावाच्या अंगणातच लावावी लागणार होती. मी त्याला विचारायला गेलो. माफीबिफी काही म्हणालो नाही, म्हटलं, "शिडी लावू का?" तो म्हणाला, "लावा." आणि कारागीर वर असेपर्यंत खाली शिडी धरून उभा राहिला. आता पाणी गल्लीत पडतं आणि त्यावर नानांच्या सुनेची तक्रार आहे, तो वेगळा भाग. घड्याळ कधी पुढं केलं ते आठवत नाही. एक दिवस पाहिलं तर बरोबर वेळ दाखवत होतं. पत्नीचं काम असावं.

परवा चुलतभाऊ घरी आला. हजच्या सोडतीत त्याचा नंबर लागलाय. मला विचारत होता, चपला कुठल्या घेऊ, औषधं कुठली नेऊ, उन्हात छत्री बरी की टोपी. मी सगळं सांगितलं. चहा झाला. उठताना तो थांबला आणि म्हणाला, "भाई, काही चुकलं असेल तर..." मी म्हणालो, "माफ. आणि परत आलास की दोन दिवस दुकान उघडू नकोस. माझ्याकडे येऊन बस."