मनाचे श्लोक आणि मनाचा दवाखाना



मी कॉम्प्युटरवर बोलेन, असं तुम्हाला वाटलं असेल. पण आज मनावर बोलते.

आपली दहावी झाली तेव्हा रिसोड अकोला जिल्ह्यात होतं. १ जुलै १९९८ ला वाशीम जिल्हा झाला. पुढे २००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांमुळे केंद्राने विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांना पॅकेज दिलं, त्यात आपलं नाव होतं. म्हणून हा विषय आपल्या घरचाच आहे.

ठाण्याला १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी सहकाऱ्यांसोबत ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ ही संस्था सुरू केली. तिथे मनाच्या आजारांवर उपचार होतात आणि गीता, ज्ञानेश्वरी, तुकोबांवरही बोलणं होतं. दवाखान्यात तत्त्वज्ञान कशाला, असं वाटेल. त्याचं उत्तर अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाकडे आहे. ते आधी फ्रॉइडच्या वाटेनं मनोविश्लेषण करत. त्यात फार काळ जातो आणि गुण कमी येतो, असं वाटून त्यांनी १९५५ च्या सुमारास स्वतःची विवेकनिष्ठ पद्धत मांडली. तिचा पाया एपिक्टेटस या प्राचीन तत्त्वज्ञाचा: माणसाला घटना तेवढी छळत नाही, जेवढा तिच्याबद्दलचा त्याचा समज छळतो. आपल्याकडे ही पद्धत कि. मो. फडके यांनी रुजवली.

माझ्या धंद्याच्या भाषेत सांगते. इनपुट एकच: सोयाबीनचा भाव पडला. एक जण म्हणतो, “वाईट झालं, आता काय करता येईल?” दुसरा म्हणतो, “भाव मिळायलाच हवा होता. आता मी संपलोच.” इनपुट तेच, आउटपुट वेगळं, कारण मधला प्रोग्राम वेगळा. त्यातला ‘च’ शोधायचा आणि त्याला प्रश्न विचारायचा. पोराला नव्वद टक्के मिळालेच पाहिजेत, यातही तोच ‘च’ आहे.

विचार बदलल्याने कर्ज फिटत नाही, हे मलाही कळतं. भाव, पीकविमा, पाणी यांची लढाई वेगळी आहे आणि ती लढावीच लागेल. पण ती लढायला माणूस हयात हवा, त्याला रात्री झोप हवी.

समर्थांचे मनाचे श्लोक २०५ आहेत. त्यातले कितीतरी आपण पाठ केले. मनाशी बोलता येतं, त्याला समजावता येतं, हे आपल्याला शाळेतच कळलं होतं. पण मन फार थकलं की एकट्यानं बोलणं जमत नाही. समोर ऐकणारं कुणीतरी लागतं. ठाण्याच्या संस्थेत अशा कामासाठी प्रशिक्षण घेतलेले साधे स्वयंसेवकही असतात. प्रत्येक जण डॉक्टर नसतो.

आपल्या बॅचमध्ये शिक्षक आहेत, कृषी केंद्रवाले आहेत, मेडिकलवाले आहेत. गावातला त्रासलेला माणूस डॉक्टरकडे जायच्या आधी तुमच्या काउंटरवर येतो. तुमच्यापैकी चार-पाच जणांनी ऐकण्याचं प्रशिक्षण घ्यावं. त्याची जुळवाजुळव मी करते. आणि सरकारच्या ‘टेलिमानस’चा १४४१६ हा नंबर दुकानात, शाळेत ठळक लिहून लावा. तो फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

एखादा वर्गमित्र ग्रुपवर बरेच दिवस गप्प दिसला, तर त्याला फॉरवर्ड पाठवू नका. फोन करा, जमलं तर घरी जा.