सुभेदाराला फळ्यापुढे उभे करा



राजमाता जिजाऊंच्या जिल्ह्यात भरलेल्या या परिषदेचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, याबद्दल मनापासून आभार. सेनाधिकाऱ्यांच्या व्यवस्थापन शिक्षणावर बोलायचे तर दिल्ली, पुणे किंवा सिकंदराबाद, अशी आपली समजूत. संयोजकांनी ती मोडली आणि आपण सगळे मलकापूरला गाडीतून उतरून घाट चढून बुलडाण्याला आलात. 14 फेब्रुवारी 2019 रोजी पुलवाम्यात धारातीर्थी पडलेल्यांत मलकापूरचा एक आणि लोणार तालुक्यातल्या चोरपांगऱ्याचा एक, असे केंद्रीय राखीव पोलीस दलाचे दोन जवान आपले होते. त्यांना आणि या मातीतल्या सर्व हुतात्म्यांना वंदन करून विषयाकडे वळतो.

अध्यक्षाने विषयाचा आढावा घ्यावा, असा रिवाज आहे. तो थोडक्यात पाळतो. दिल्लीत 1960 साली नॅशनल डिफेन्स कॉलेज सुरू झाले. सिकंदराबादला 1970 साली संरक्षण व्यवस्थापनाची स्वतंत्र संस्था निघाली आणि 1980 पासून ती कॉलेज ऑफ डिफेन्स मॅनेजमेंट म्हणून ओळखली जाते. तिन्ही दलांतले कर्नलच्या हुद्द्याच्या आसपासचे अधिकारी तिथे शिकतात आणि उस्मानिया विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी घेऊन बाहेर पडतात. निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या अधिकाऱ्यांसाठी पुनर्वसन महासंचालनालय आयआयएमसारख्या संस्थांतून सहा महिन्यांचे अभ्यासक्रम चालवते. सुधारणांच्या बाजूला लेफ्टनंट जनरल डी. बी. शेकटकर या मराठी सेनानीच्या समितीचे काम आहे. या समितीच्या 65 शिफारशी 2017 च्या ऑगस्टमध्ये मान्य झाल्या आणि सुमारे 57 हजार पदांच्या फेरवाटपाचा निर्णय झाला. एवढ्या मोठ्या संस्थेने स्वतःच्या खर्चाकडे इतक्या कठोरपणे पाहावे, ही साधी गोष्ट नव्हे.

आढावा इथे थांबवतो. कारण गेली कित्येक वर्षे एक गोष्ट माझ्या मनात खदखदते आहे आणि ती बोलायला यापेक्षा योग्य जागा मला मिळणार नाही.

माझे आयुष्य आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये गेले. रसद, इंधन, वाहतूक हे माझे काम. व्यवस्थापनाच्या अनेक वर्गांत मी विद्यार्थी म्हणून बसलो, पुढे काही ठिकाणी शिकवायलाही उभा राहिलो. संस्थांची नावे घेत नाही, कारण माझी तक्रार आपल्या सगळ्यांच्या सवयीविरुद्ध आहे. त्या फळ्यापुढे मी नामवंत प्राध्यापक पाहिले, सनदी अधिकारी पाहिले, उद्योगपती, बँकांचे अध्यक्ष, सल्लागार पाहिले. सुभेदार मात्र एकदाही पाहिला नाही. हवालदार तर नाहीच. ज्याने पंचवीस-तीस वर्षे माणसे, धान्य, रॉकेल, गाड्या आणि रजा सांभाळल्या, तो माणूस वर्गात चहा आणण्यापुरता यायचा. माझे गाऱ्हाणे एवढेच आहे आणि माझी मागणीही त्यातच आहे.

एक प्रसंग सांगतो. लडाखमध्ये झोजिला खिंड बंद होण्याआधी हिवाळ्याचा सगळा साठा वर पोचवावा लागतो. एका उंच चौकीवर तीन झोपड्यांत तो रचायचा होता. नियमाप्रमाणे एकीत रॉकेल, दुसरीत पीठ-तांदूळ-डाळ, तिसरीत डबाबंद माल. हिशेबाला सोपे, तपासणीला सोपे. भांडारावरचा हवालदार मेहकर तालुक्यातला होता. तो म्हणाला, "साहेब, आमच्याकडं सारी जवारी एका पेवात नाही भरत. एकात पाणी शिरलं तं दुसरं खायले राह्यते." त्याच्या सांगण्यावरून प्रत्येक झोपडीत खाण्याच्या प्रत्येक वस्तूचा तिसरा हिस्सा ठेवला आणि रॉकेलचे डबे बाहेर बर्फाच्या भिंतीआड लावले. एका वहीऐवजी तीन वह्या झाल्या. तपासणीला आलेल्यांनी नाक मुरडले. फेब्रुवारीत हिमकडा कोसळून एक झोपडी गाडली गेली, तेव्हा उरलेल्या दोन्हींत भाकरी होती आणि ती भाजायला इंधन होते. रस्ता उघडेपर्यंत चौकी उभी राहिली.

पुढे एका वर्गात हेच तत्त्व मला एका परदेशी कंपनीच्या गोदामांच्या नकाशावरून शिकवण्यात आले. शिकवणारे प्राध्यापक विद्वान होते, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण त्या वर्गात बसलेल्या प्रत्येक अधिकाऱ्याच्या हाताखाली असा एक तरी हवालदार होऊन गेला होता. त्यातला एकही हवालदार त्या अभ्यासक्रमाच्या कागदावर नव्हता. परदेशी गोदामाचे उदाहरण छापील होते. चौकीवरचे उदाहरण कोणी लिहिलेच नाही.

आज सकाळपासून इथे तीन वाद झाले. त्या तिन्हींवर मला माझे मत द्यायचे आहे.

पहिला वाद, अधिकाऱ्याने आयआयएममध्ये शिकावे की सैन्याच्या संस्थेत. दोन्ही बाजूंनी जोरात बोलणे झाले. मला हा वादच गौण वाटतो. कुठेही शिकावे. नफा मोजणारी कंपनी आणि प्राण मोजणारी पलटण यांतला फरक ज्याला कळतो, त्याला दोन्हीकडून घेता येते. इमारत कोणाची, हे विचारण्यापेक्षा फळ्यापुढे कोण उभे आहे, ते विचारा.

दुसरा वाद, नेतृत्व आणि व्यवस्थापन या वेगळ्या गोष्टी आहेत का. वेगळ्या मानणाऱ्यांना मी एका सुभेदार मेजरची डायरी दाखवली असती. आमच्या तुकडीत एका तरुण अधिकाऱ्याने रजेचे वेळापत्रक संगणकावर बसवले. सेवाज्येष्ठता, मागची रजा, उरलेले दिवस, सगळे चोख. सुभेदार मेजरच्या डायरीत दुसरेच होते: कोणाच्या घरी पेरणी आहे, कोणाची कोर्टाची तारीख आहे, कोणाच्या बहिणीचे लग्न पोळ्यानंतर ठरले आहे. एके दिवशी त्यांनी यादीच्या तळाचे नाव वर आणले. पश्चिम विदर्भातला शिपाई होता. कापूस बुडाला होता आणि बापावर सावकाराचे कर्ज होते. सुभेदार मेजर म्हणाले, "याला आज सोडा, साहेब. कागद मागाहून करू." ते दिवस कोणते होते, हे बुलडाण्यात सांगायची गरज नाही. 2006 साली पंतप्रधानांचे पॅकेज ज्या सहा जिल्ह्यांसाठी आले, त्यात आपला जिल्हा होता. तो शिपाई वेळेवर घरी पोचला आणि त्याचा बाप वाचला. आता सांगा, सुभेदार मेजरने त्या दिवशी केले ते नेतृत्व की व्यवस्थापन? ज्याला माणूस ठाऊक आहे, त्याच्या हातून दोन्ही एकाच वेळी होतात.

तिसरा वाद सर्वांत जुना आणि सर्वांत चुकीचा आहे. सुभेदाराला शास्त्राची भाषा येत नाही आणि त्याने कर्नल-ब्रिगेडियरांना शिकवले तर शिस्त बिघडेल, असे इथे एका सन्मान्य वक्त्याने सांगितले. खडकवासल्याच्या आणि डेहराडूनच्या अकादमीत आपल्याला कवायत कोणी शिकवली? रायफल उघडून जोडायला कोणी शिकवले? हवालदारांनी आणि सुभेदारांनीच. आपण त्यांना उस्ताद म्हणत होतो. अठराव्या वर्षी ज्याला उस्ताद म्हणताना मान खाली गेली नाही, त्याच्याकडून चाळिसाव्या वर्षी शिकताना ती का जावी? तेव्हा शिस्त बिघडली नाही, उलट तिथेच ती घडली.

आणि ही गोष्ट आपल्या परंपरेला धरूनच आहे. शिवाजी महाराजांचे चिपळूणच्या छावणीला लिहिलेले पत्र आपण शाळेपासून ऐकतो. पावसाळ्यासाठी घोडदळ तिथे राहणार होते. साठवलेले दाणा-वैरण पुरवून वापरा. आज उधळपट्टी केली तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील. रयतेला काडीचाही त्रास देऊ नका, जे लागेल ते बाजारातून विकत घ्या. रात्री दिवा जळता ठेवाल तर उंदीर वात ओढून नेईल आणि गवताची गंजी पेटेल. साठ्याचे नियोजन, पुरवठ्यातली जोखीम, आगीपासूनची सुरक्षा, जनतेशी संबंध: आजच्या अभ्यासक्रमातले चार विषय त्या एका पत्रात आहेत. आता ते कोणाला लिहिले आहे, ते पाहा. सेनापतीला नव्हे, पेशव्याला नव्हे. पत्राच्या माथ्यावर जुमलेदार, हवालदार आणि कारकून आहेत. राज्य राखायचे असेल तर व्यवस्थापन कुठल्या पायरीवर चालते, हे त्या राजाला नेमके ठाऊक होते.

याची उलट बाजू आपल्या जिल्ह्याच्या सीमेपलीकडेच घडली. शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या असईला 23 सप्टेंबर 1803 रोजी दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेला इंग्रज सेनानी आर्थर वेलस्लीने हरवले. शिंद्यांची कवायती पायदळे युरोपीय पद्धतीने तयार झाली होती. तोफा उत्तम होत्या. गोलंदाज तोफेपाशीच मेले, काही मेल्याचे सोंग करून शत्रू पुढे गेल्यावर पुन्हा तोफेवर उभे राहिले. इंग्रजांचे दीड हजारांहून अधिक लोक मेले-जखमी झाले, ते मुख्यतः या गोलंदाजांमुळे. पण सगळ्यात वरची जागा पोलमन या भाडोत्री जर्मन अधिकाऱ्याकडे होती आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या फर्मानानंतर इंग्रज अधिकारी लढाईआधीच शिंद्यांना सोडून गेले होते. पोलमन नंतर कंपनीच्याच नोकरीत गेला. तोफेचे खरे ज्ञान तोफेपाशी होते. त्याला वर जाण्याची वाट मात्र शिंद्यांच्या फौजेत नव्हती. वर बसवलेले ज्ञान पगारी होते, ते पगाराबरोबर गेले. दुसऱ्या बाजूला वेलस्लीने बैलांच्या वाहतुकीपासून धान्य आणणाऱ्या वंजाऱ्यांपर्यंत रसदेच्या प्रत्येक बारकाव्यात स्वतः लक्ष घातले होते. माझ्या मते असईचा निकाल लावण्यात त्या बैलांचाही वाटा होता.

आणि वर्तमानातले उदाहरण हवे असेल तर शेगावला जा. संत गजानन महाराज संस्थानात दर्शनाची रांग, महाप्रसाद, स्वच्छता, भक्तनिवास हे सारे ज्यांच्या बळावर चालते, ते सेवेकरी पाळीने येतात, वेतन घेत नाहीत आणि नेमून दिलेले काम चोख करतात. त्यांत शेतकरी आहेत, शिक्षक आहेत, दुकानदार आहेत. दिवंगत शिवशंकरभाऊ पाटील यांनी ही घडी बसवली. दरवर्षी पंढरपूरला पायी जाणारी पालखी पाहा: मुक्काम, पाणी, स्वयंपाक, आजारी वारकरी, सगळ्याची व्यवस्था शिस्तीत. रसदेच्या अधिकाऱ्याने तिच्याबरोबर काही टप्पे चालावे. तो जे पाहील, ते चकचकीत पुस्तकात मिळणार नाही.

मित्रहो, सुभेदार-हवालदारांचे शहाणपण टिपून घ्यायला आता वेळ थोडा आहे. 2022 च्या जूनमध्ये अग्निपथ ही सैनिक भरतीची योजना आली. चार वर्षांनंतर तिच्यातून भरती झालेल्यांपैकी जास्तीत जास्त पंचवीस टक्के कायम होतील, असे तेव्हा ठरले. त्या योजनेच्या गुणदोषांत मी आज शिरत नाही. पण वीस-पंचवीस वर्षे एका पलटणीत मुरलेल्या हवालदारांची पिढी यापुढे पूर्वीसारखी भरगच्च राहणार नाही, एवढे उघड आहे. जे मुरलेले आहेत, ते निवृत्त होऊन चिखली, मोताळा, नांदुरा, देऊळगाव राजाच्या गावांत परत आलेले आहेत. त्यांतला कोणी बँकेच्या एटीएमच्या दाराशी खुर्ची टाकून बसतो. त्याच्यापाशी असलेले शहाणपण तिथून उठून कोणत्याही वर्गात जात नाही. हे मला पाहवत नाही.

म्हणून काही गोष्टी सुचवतो. या परिषदेने निवृत्त सुभेदार-हवालदारांचे अनुभव त्यांच्याच बोलीत लिहून घेण्याचे काम हाती घ्यावे. गुप्ततेच्या मर्यादा सांभाळून जे लिहिता येईल, ते पुष्कळ आहे. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी आणि अभियांत्रिकी संस्थांनी त्यांना व्याख्यानाला बोलवावे. त्या नोंदींतून शिकवण्याजोगी उदाहरणे तयार व्हावीत आणि ती वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या वर्गांपर्यंत पोचावीत. संपादन कोणी करायचे, खर्च कुठून उभारायचा, हे तपशील आपण पुढच्या बैठकीत पाहू. माझ्याकडून होईल ती मदत मी करीन.

वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या शिक्षणाला विरोध करायला मी इथे उभा नाही. त्यांनी खूप शिकावे, जगभराचे शिकावे. पण ज्यांच्या बळावर त्यांची चौकी हिवाळा काढते, त्यांच्याकडूनही शिकावे. इथे बसलेल्या प्रत्येक निवृत्त अधिकाऱ्याला माझी विनंती आहे. या महिन्यात आपल्या जुन्या सुभेदाराचा पत्ता शोधा, त्याच्या घरी जा, वही उघडा आणि तो सांगेल ते लिहून घ्या.

जय जिजाऊ, जय हिंद.