दिलजमई

(गोंदिया येथील हेमंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

धानाचं चुरणं अर्धवट टाकून खेड्यांवरून आलेल्या मंडळींनो,

पत्रिकेवर माझा विषय छापलाय, 'राष्ट्रीय समेट आणि मुस्लिम समाजाच्या अपेक्षा'. पत्रिका वाचून आमच्या घरातून पहिलाच प्रश्न आला, "एवढ्या सगळ्यांच्या वतीनं बोलायचं तुम्हाला कुणी लिहून दिलंय?" कुणीच नाही. मी जन्मभर मराठी शिकवलेला मास्तर. तेव्हा समाजाचं मागाहून बघू, आधी शब्दाकडे वळतो.

मी सातवीत असताना गुरुजींनी वर्गात 'दिलजमाई'चा अर्थ विचारला. मी हात वर करून म्हटलं, "तसल्ली!" वर्ग हसला. गुरुजी म्हणाले, "अरे, दिलजमाई म्हणजे समेट. दोघांचं भांडण मिटणं." मी गप्प बसलो, पण पटलं नव्हतं. कारण घरी आई हा शब्द रोज वापरायची. थोरल्या भावाला तिरोड्याहून परतायला रात्र झाली की ती दाराची कडी लावायची नाही. तो आला, हातपाय धुऊन ताटावर बसला, की म्हणायची, "अब दिलजमई हुई." तिचं तर कुणाशीच भांडण नव्हतं.

उर्दूत दिलजमई म्हणजे पांगलेलं मन जागेवर येणं, खात्री पटणं. आपल्या 'खातरजमा'ची ती सख्खी बहीण. मराठीत आली, तिला एक काना जास्त मिळाला आणि अर्थाला दोन माणसं लागायला लागली. गुरुजी बरोबर होते, आईही बरोबर होती. मला वाटतं, दंगलीनंतरच्या समेटाचं जे काही आपण बोलतो, त्याचं घोडं इथंच अडतं. एक बाजू दिलजमाई करायला निघालेली असते आणि दुसरीला हवी असते दिलजमई.

आपल्या जिल्ह्यात हा विषय निघाला की वक्ता हमखास प्रतापगडावर जातो. मीही जातो, पण लवकर उतरतो. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या या गडावर महाशिवरात्रीला महादेवाची यात्रा भरते आणि तिथंच ख्वाजा उस्मान गनी हारुनींचा दर्गाही आहे. एकाच दुकानात बेल, नारळ आणि फुलांची चादर विकत घेतलेली मी पाहिली आहे. दुकानदाराला त्यात काही विशेष वाटत नव्हतं, सुट्ट्या पैशांची मात्र फार चिंता होती. हे सगळं खरं आहे आणि गोड आहे. पण यात्रेतल्या एकोप्याला परीक्षा नसते. परीक्षा यात्रा उठल्यावर, पोलीस ठाण्याच्या बाकावर आणि भाड्याची खोली शोधताना होते. माझ्या भाचीला एका शहरात खोली ठरली होती, आगाऊ रक्कमही दिलेली. आडनाव कळल्यावर ती खोली अचानक 'नातेवाइकांसाठी' लागली. मालक फार नम्र होता. चहा पाजून पैसे परत केले. आता याच्याशी समेट कशाचा करायचा? भांडण झालंच नाही!

मुंबईकडे येतो. दुपारी इथून विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसलात की सकाळी मुंबई, त्यामुळे हे फार लांबचं समजू नका. 1992 चा डिसेंबर आणि 1993 चा जानेवारी. तिथं दंगली झाल्या. त्यांची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगानं मृतांचा आकडा 900 दिला. त्यांत 575 मुसलमान, 275 हिंदू. मग 12 मार्चला बॉम्बस्फोट झाले आणि 257 माणसं गेली. स्फोटांबद्दल बोलताना आमच्यातल्या काहींची जीभ जड होते. ती होऊ नये. दंगलीवर उतारा म्हणून स्फोट सांगणारा आणि स्फोटांवर उतारा म्हणून दंगल सांगणारा, दोघंही मयताच्या दारात हिशेबाची वही घेऊन उभे असतात.

आयोगाचं काय झालं? 1993 च्या जानेवारीत नेमला, 1996 च्या जानेवारीत गुंडाळला, त्याच वर्षी मे महिन्यात पुन्हा उभा केला. न्यायमूर्तींनी 16 फेब्रुवारी 1998 ला अहवाल दिला. चौकशी आयोगाचा अहवाल सरकारवर बंधनकारक नसतो. हे कायद्याच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी कळतं, साक्ष द्यायला आलेल्या विधवेला फार उशिरा.

स्फोटांचा खटला चालला आणि 100 जण दोषी ठरले. योग्यच झालं. दंगलींच्या 253 खटल्यांपैकी शिक्षा लागली ती 6 खटल्यांत आणि 97 खटले 'सुप्त' फायलींत जाऊन पडले, कारण आरोपी सापडत नव्हते. सुप्त! मराठीचा मास्तर म्हणून सांगतो, हा शब्द आम्ही ज्वालामुखीसाठी वापरतो.

या सगळ्यात मला झोपू देत नाही तो आकडा मात्र 168 चा आहे. बेपत्ता. घरातून निघाली आणि परतली नाहीत, अशी माणसं. प्रेत नाही, पंचनामा नाही, मृत्यूचा दाखला नाही. मग नुकसानभरपाई कशावर द्यायची? सात वर्षं ठावठिकाणा नसला तर माणूस मेला असं कायदा धरून चालतो. आई धरून चालत नाही. 1998 च्या जुलैमध्ये सरकारनं बेपत्तांच्या वारसांनाही दोन लाख रुपये द्यायचं ठरवलं. ते 60 जणांच्या घरी पोचले. उरले 108. 4 नोव्हेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की या 108 जणांचे वारस शोधा आणि जानेवारी 1999 पासून दरसाल 9 टक्के व्याजानं पैसे द्या. दंगलीला तोवर तीस वर्षं होत आली होती. आता शोधणार कुठं? चाळीच्या जागी टॉवर उभा, रेशनकार्डावरचा पत्ता गल्लीसकट नाहीसा झालेला.

तरी या आदेशाला मी थोर मानतो. रकमेसाठी नव्हे. तुमचा माणूस गेला ही गोष्ट राज्यानं कागदावर कबूल केली आणि तुमच्या दारापर्यंत यायची जबाबदारी स्वतःवर घेतली, म्हणून. दक्षिण आफ्रिकेत डेस्मंड टुटूंच्या सत्य आणि समेट आयोगानं हेच देशभर करून पाहिलं. जो सगळं खरं सांगेल त्याला माफी मिळू शकेल. पुष्कळ अन्याय झालेले लोक या व्यवहारावर आजही नाराज आहेत आणि त्यांचं चूक आहे असं मला म्हणवत नाही. पण त्या आयोगाच्या नावात 'सत्य' आधी आहे आणि 'समेट' नंतर, एवढं ध्यानात ठेवा.

खात्री आधी, गळाभेट मागून, असं जमलेलं एक गाव महाराष्ट्रातच आहे, भिवंडी. यंत्रमागांचं गाव. एकाचं सूत, दुसऱ्याचा माग, तिसऱ्याची मजुरी. 1970 मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून पेटलं, 1984 मध्ये पुन्हा पेटलं. 1988 मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथं मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्हीकडची साधी माणसं आणि त्या भागाचा पोलीस यांनी नियमानं एकत्र बसायचं. बोलायचं काय? नळ, गटार, लाऊडस्पीकर, पोरांची मारामारी. बंधुभावावर भाषण नाही. 1992 च्या डिसेंबरात मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. हवालदाराचं नाव ठाऊक असणं, ही फार मोठी दिलजमई असते हो.

आपल्या धानाच्या भाषेत सांगू? दोन बांध्यांमधला धुरा. आमच्या ओळखीतल्या दोन घरांत त्यावरून कोर्टापर्यंत गेलं होतं. जाणत्यांनी मध्ये पडून हार घालायला लावले, फोटो निघाला. पुढच्या रोवणीला दोघंही पहाटे उठून फावड्यानं धुरा आपापल्या बाजूनं सोलतच होते. मग सरकारी मोजणी झाली, दगड रोवले गेले. त्या वर्षी एकाचे पऱ्हे कमी पडले, तर त्यानं दुसऱ्याकडून मागून आणले. कुणी फोटो काढला नाही.

शेवटी अलीकडचं. 17 मार्च 2025 ची रात्र. नागपुरात औरंगजेबाच्या कबरीवरून दंगल झाली, ते तुम्ही वाचलंय. संचारबंदी लागली आणि इकडं मोबाईल वाजायला लागले. माझी तीच भाची नागपुरात होती, ड्यूटीवरून निघालेली. फोन लागत नव्हता. मी ओट्यावर येऊन बसलो. समोरचे भाऊही त्यांच्या ओट्यावर. त्यांचा मुलगा तिकडंच, महाल भागाजवळ राहतो. आम्ही काय बोललो? उन्हाळी धानाला पाणी पुरेल का, बोनस किती मिळेल. दुसरं काही सुचतच नव्हतं. एक वाजता त्यांच्या मुलाचा फोन आला. मी म्हटलं, "भाऊ, आता झोपा जाऊन." ते जागचे हलले नाहीत. म्हणाले, "तुमचाही येऊ द्या ना, मास्तर."

माझा फोन पावणेदोनला आला.