फोटोतली मोजपट्टी

(मंडळाच्या गणेशोत्सवात चौथ्या दिवशी, आरतीनंतर पडद्यावर फोटो दाखवत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सांस्कृतिक समितीने मला सांगितले, "तुम्ही युरोप पाहून आलात, फोटो दाखवा आणि दोन शब्द बोला." मी काही भाषण करणारा माणूस नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो, पुलांची तपासणी करतो, संध्याकाळी बुधवारी बाजारातून भाजी घेऊन घरी जातो. तेव्हा चुकलेमाकले सांभाळून घ्या.

मे २०२३ मध्ये मी, सौ., मुलगी आणि माझे वडील असे चौघे गेलो होतो. बिलासपूरचा उन्हाळा चुकवायला म्हणून निघालो, असे सगळ्यांना सांगितले. खरे कारण असे की, बाबांना शहात्तरावे लागले होते आणि गुडघे अजून चालत होते. टूरवाल्यांबरोबर बारा दिवस. पोळीभाजी रोज मिळाली, तक्रार नाही. फोटो काढले चौदाशे! घाबरू नका, आज थोडेच दाखवणार आहे. स्वित्झर्लंडच्या बर्फाचे सगळे गाळले. तो बर्फ आपण हिंदी सिनेमात भरपूर पाहिलेला आहे.

फोटो सुरू करण्याआधी एक खुलासा. आम्ही पुलाचा फोटो काढतो तेव्हा शेजारी माणूस नाहीतर पट्टी उभी करतो. त्याशिवाय तडा बोटाएवढा की हाताएवढा, ते कळत नाही. ही सवय तिकडेही गेली नाही. प्रत्येक ठिकाणी मी म्हणायचो, "बाबा, जरा तिथे उभे राहा." आणि ते बिचारे जाऊन उभे राहायचे. त्यामुळे प्रत्येक फोटोत खाली कोपऱ्यात एक पांढरी टोपी दिसेल, ते आमचे बाबा.

हा पहिला, रोमचे पँथिऑन. सम्राट हेड्रियनच्या काळातले, म्हणजे जवळजवळ १९०० वर्षांपूर्वीचे. घुमटाचा व्यास ४३.३ मीटर. जमिनीपासून वरच्या भोकापर्यंतची उंचीही तेवढीच. काँक्रीटचा आहे, पण आत लोखंडाची एक सळई नाही. बिनसळईच्या काँक्रीटचा एवढा मोठा घुमट आजही जगात दुसरा नाही. खाली जड दगडाची खडी घातली आणि वर जाताजाता हलकी करत नेली. शेंड्याला ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड. घुमटाच्या मध्यावर सुमारे ८ मीटर रुंदीचे भोक आहे, ते कायम उघडे. सगळे पर्यटक माना वर करून बघत होते. बाबा तेवढे खाली बघत होते. म्हणाले, "पाऊस आत येतो ना? मग पाणी कुठे जाते?" मी गाइडला विचारले. फरशीला बेताचा उतार आहे आणि मध्ये बारीक भोके आहेत, त्यातून पाणी खाली जाते. बाबांना बरे वाटले. पुलाच्या माणसाला पाण्याची सोय कळली की तो निश्चिंत होतो.

पुढचा, पिसाचा मनोरा. इथे सगळे जण मनोऱ्याला हाताने टेकू दिल्यासारखा फोटो काढतात. मुलीनेही काढला. काम सुरू झाले ११७३ मध्ये; तिसरा मजला होईतो मऊ मातीमुळे मनोरा कलायला लागला, आणि पुरा व्हायला १३७० च्या सुमारास वेळ आली. १९९० मध्ये तो लोकांसाठी बंद केला, तो २००१ च्या डिसेंबरमध्ये उघडला. मधल्या काळात जे केले ते ट्रॅकवाल्यांनी कान देऊन ऐकावे. आपण खचलेली बाजू पॅकिंग करून उचलतो. त्यांनी उलट केले. उत्तरेकडच्या, म्हणजे चढ्या बाजूला शेकडो टन शिशाचे वजन ठेवले आणि नंतर त्याच बाजूच्या पायाखालची माती तिरक्या भोकांतून थोडीथोडी काढली. मनोरा आपल्या वजनाने त्या बाजूला बसला. कल साडेपाच अंशांवरून चारच्या आसपास आला. सरळ करता आला असता कदाचित, पण मग बघायला कोण जाणार?

आता पॅरिस. यावर मात्र जरा जास्त वेळ घेतो.

आयफेल टॉवर बांधायच्या आधी आयफेलसाहेब रेल्वेचे पूल बांधत. पोर्तुगालमध्ये पोर्तो इथला १८७७ चा आणि फ्रान्समधला गाराबीचा १८८४ चा, असे त्यांच्या कंपनीचे दोन मोठे रेल्वेपूल प्रसिद्ध आहेत. टॉवरचे पहिले रेखाटन साहेबांनी नव्हे, त्यांच्या कंपनीतल्या केश्लँ आणि नुगिये या दोन इंजिनिअरांनी १८८४ मध्ये केले. १८,०३८ भाग, २५ लाख रिवेट, आणि काम दोन वर्षे, दोन महिने, पाच दिवसांत पूर्ण, ३१ मार्च १८८९ ला. भाग कारखान्यात बनवून आणले आणि जागेवर जोडले. रिवेटांपैकी साधारण एक तृतीयांशच जागेवर मारले. परवानगी फक्त वीस वर्षांची होती. पुढे बिनतारी संदेशाच्या कामाला आला म्हणून राहिला. दर सुमारे सात वर्षांनी रंगवतात, हाताने, ब्रशने. रंग लागतो ६० टन.

बाबा ब्रिज गँगमध्ये खलाशी म्हणून लागले आणि मिस्त्री होऊन २००७ मध्ये निवृत्त झाले. माझ्या लहानपणी त्यांच्या मनगटावर बारीक डाग असायचे, रिवेटच्या ठिणग्यांचे. टॉवरवरच्या फलकावर लिहिले होते की, रिवेटसाठी चार जणांची टोळी असे. एकाने तापवायचा, दुसऱ्याने धरून ठेवायचा, तिसऱ्याने डोके घडवायचे, चौथ्याने घणाचे घाव घालायचे. मी मराठीत सांगितले. बाबा म्हणाले, "यात सांगायचे काय? चारच लागतात."

मग त्यांनी जे केले त्याचा हा फोटो. थोडा हलला आहे, कारण मी घाबरलो होतो. सैल रिवेट ओळखायची आपली रीत इथल्या पुष्कळांना ठाऊक आहे. डोक्याच्या एका बाजूला बोट टेकवायचे आणि दुसऱ्या बाजूने छोट्या हातोडीने ठोका द्यायचा. सैल असेल तर बोटाला थरथर कळते. हातोडी तर विमानातच नेऊ देत नाहीत. बाबांनी हॉटेलच्या खोलीची किल्ली काढली आणि पहिल्या मजल्यावरच्या एका रिवेटवर ठोकली. मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. पहारेकरी आमच्याकडे बघत होता. मी म्हटले, "बाबा, चला." ते म्हणाले, "थांब रे, ही ओळ होऊ दे." ओळ पुरी केली आणि म्हणाले, "पक्के आहेत."

खाली उतरल्यावर मी त्यांना पहिल्या मजल्याखाली चारही बाजूंना सोनेरी अक्षरांत कोरलेली ७२ शास्त्रज्ञांची आणि इंजिनिअरांची नावे दाखवली. बाबांनी विचारले, "आणि गँगची?" मी म्हटले, गँगची कुठेच नसतात. ते काही बोलले नाहीत. मी मात्र लगेच त्यांना परत मोजपट्टी म्हणून एका खांबापाशी उभे केले. आज तो फोटो पाहताना मलाच ओशाळल्यासारखे होते.

शेवटच्या दिवशी नोत्र-दाम. १५ एप्रिल २०१९ च्या आगीत त्याचे छप्पर आणि १८५९ मध्ये उभारलेले शिखर कोसळले होते. आम्ही गेलो तेव्हा आत जायला बंदीच होती. चौफेर परांच्या आणि क्रेन. आग लागली तेव्हा शिखराच्या दुरुस्तीची परांची वर उभीच होती. सुमारे ४०,००० नळ्या, २०० टन लोखंड, ते सगळे वितळून एकमेकांत गुंतले. दोरांवर लटकणाऱ्या कामगारांनी ते वरून तुकड्यातुकड्यांनी कापून काढले. ते काम नोव्हेंबर २०२० मध्ये संपले. कुंपणाच्या पत्र्यांवर कामाचे मोठमोठे फोटो लावले होते. आमची मंडळी खरेदीला गेली, बाबा त्या फोटोंपुढे थांबले. बसची वेळ झाली तरी हलेनात. मी म्हटले, "उघडले की पुन्हा येऊ." ते म्हणाले, "बघू."

डिसेंबर २०२३ मध्ये नव्या शिखरावर सोनेरी कोंबडा बसवला. बाबा तेव्हा हॉस्पिटलमध्ये होते. मी त्यांना बातमी वाचून दाखवली. त्या कोंबड्याच्या पोटात एक बंद नळी ठेवली आहे आणि तिच्यात जीर्णोद्धारात हातभार लावणाऱ्या जवळजवळ २००० लोकांची नावे आहेत. बाबांनी पुन्हा वाचायला सांगितले. मग विचारले, "दोरावरच्या पोरांचीपण?" मी म्हटले, असतील. "असतील म्हणजे? नीट वाच." बातमीत तेवढे तपशील नव्हते. मी हो म्हणून टाकले.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ते गेले. नोत्र-दामचे दरवाजे ७ डिसेंबर २०२४ ला उघडले. आम्ही तिघांनी टीव्हीवर पाहिले.

हा शेवटचा फोटो. हा मी नाही, सौ.ने काढला. बाबा कुंपणापाशी वाचताहेत, पाठमोरे. चौदाशे फोटोंत त्यांचा एवढा मोठा हा एकच. मागची इमारत यात जवळजवळ आलेलीच नाही.

एवढेच आहेत. कुणीतरी दिवे लावा.